ग्रीसच्या खेड्यात जेवणानंतर रकी फुकट का मिळते?

क्रीट बेटावरच्या एखाद्या खेड्यात जेवून बिल मागितलंत, की सोबत न मागवलेलं काहीतरी येतं. रकी या दारूची छोटी बाटली आणि फळं किंवा गोड पदार्थ. घाबरू नका, याचे पैसे लागत नाहीत! याला 'केरास्मा' म्हणतात. कधी कधी तर तुमच्या कॉफीचे पैसे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी परस्पर दिलेले असतात. अशा वेळी लगेच पाकीट काढू नका, त्यांच्या मनाला लागतं. 'एफ्हारिस्तो', म्हणजे धन्यवाद, एवढं म्हटलं तरी पुरे. दारू घेत नसाल तर तसं हसून सांगा.

याचं मूळ भाषेतच सापडतं. प्राचीन ग्रीकमध्ये 'क्सेनोस' म्हणजे परका आणि पाहुणाही. त्यावरून 'फिलोक्सेनिया', म्हणजे आदरातिथ्य. शब्दशः, परक्याबद्दलची माया. पाहुण्यांचा रक्षक तर खुद्द झ्यूस देव मानला जाई.

पण परका खिशात पैसे घेऊन आलेला नसेल तर?

२०१५ साली लेस्बोस बेटावरच्या स्काला सिकामिनियास या चिमुकल्या कोळीगावाच्या किनाऱ्यावर तुर्कस्तानातून रबरी बोटींनी निर्वासित उतरत होते. निर्वासितांच्या तान्ह्या बाळाला बाटलीने दूध पाजणाऱ्या तिथल्या आज्यांचा फोटो जगभर फिरला. या भागातल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज १९२२ मध्ये समोरच्याच किनाऱ्यावरून, असेच जीव वाचवून आले होते.