अद्भुतरम्य चित्रकला : संकल्पना, स्वरूप आणि आस्वाद

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• अद्भुतरम्य चित्र म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल.
• धार्मिक, अतिवास्तववादी आणि अद्भुतरम्य चित्रांतील भेद सांगता येईल.
• चित्राच्या आस्वादात चौकटीचे कार्य कोणते, याचे सोदाहरण विवेचन करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अद्भुतरम्य कथेचा परिचय करून घेतला. राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात होता, असे सांगताना कथेचा निवेदक 'म्हणे' हा लहानसा शब्द वापरतो. 'राक्षसाचा प्राण म्हणे पोपटात होता.' या एका शब्दाने निवेदक विधानाची जबाबदारी स्वतःवरून उतरवतो आणि श्रोत्याला सावध करतो. ऐकणाराही ते ओळखतो आणि विश्वास न ठेवता गोष्टीत रमतो.

भाषेजवळ अशी अनेक साधने आहेत. क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ आपण शालेय व्याकरणात शिकलो आहोत. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या संकेतार्थी वाक्यात पाऊस पडलेला नाही, हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. चित्राजवळ मात्र क्रियापद नाही. चित्रात 'म्हणे' लिहिता येत नाही आणि 'असता तर' रंगविता येत नाही. पंख असलेला घोडा काढला की तो कागदावर उभा राहतो. चित्र सदैव स्वार्थात बोलते. मग जे नाही ते दाखविणारे चित्र 'हे खरे नव्हे' असे प्रेक्षकाला कसे सांगते? अद्भुतरम्य चित्रकलेच्या अभ्यासातील हा मध्यवर्ती प्रश्न होय.

२. संकल्पना

भारतीय परंपरेत 'अद्भुत' ही संज्ञा प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत अद्भुताचा समावेश असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला आहे. विस्मय म्हणजे अनपेक्षितासमोर मनाने क्षणभर थबकणे. श्रद्धा आणि विस्मय एकत्र नांदू शकतात. परंतु ते एकच नव्हेत. अद्भुतरम्य चित्रकलेची व्याख्या करताना हा भेद उपयोगी पडतो.

ज्या चित्रात अनुभवविश्वात असंभवनीय असलेले जीव, स्थळे किंवा घटना प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे रंगविलेल्या असतात आणि त्या खऱ्या नाहीत हे चित्रकार व प्रेक्षक या दोघांनाही मान्य असते, त्या चित्रास अद्भुतरम्य चित्र म्हणता येईल. या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली अट चित्रात दिसते. दुसरी चित्रात दिसत नाही. ती चित्रकार आणि प्रेक्षक यांच्यातील अलिखित करारात असते.

३. श्रद्धेचे चित्र आणि कल्पनेचे चित्र

नेदरलँड्सचा चित्रकार हिएरोनिमस बॉश याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेले, 'ऐहिक सुखांचे उद्यान' या नावाने ओळखले जाणारे तीन फलकांचे चित्र आज माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात आहे. त्याच्या उजव्या फलकावर नरक आहे. उंच आसनावर बसलेला पक्षिमुखी प्राणी माणसांना गिळतो आहे. दोन प्रचंड कानांमधून सुरीचे पाते बाहेर आले आहे. एक माणूस वीणेसारख्या वाद्याच्या तारांवर टांगलेला आहे. आजचा प्रेक्षक त्यास सहजच अद्भुतरम्य म्हणेल. परंतु बॉशच्या काळातील प्रेक्षकाला नरक कल्पित वाटत नव्हता. मरणोत्तर जेथे जावे लागेल, असे ते ठिकाण होते. स्पेनचा धर्मनिष्ठ राजा दुसरा फिलिप याने ते चित्र १५९३ मध्ये एस्कोरियल येथील मठ-प्रासादात नेले. पुढे बॉशवर पाखंडाचा संशय घेतला गेला, तेव्हा तेथील धर्मगुरू होसे दे सिगुएन्सा याने १६०५ मध्ये त्याची बाजू मांडली. इतर चित्रकार माणूस बाहेरून कसा दिसतो ते काढतात, बॉशने तो आतून कसा असतो ते काढले, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. चित्र तेच राहिले, परंतु भक्त, संशयी आणि आजचा पर्यटक यांनी त्याच्याशी केलेले करार निरनिराळे ठरले.

हाच अनुभव आपल्याकडेही येतो. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा प्रारंभ १८९४ मध्ये मुंबईत झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. या छापखान्यातील देवादिकांची चित्रे घरोघरी चौकटीत बसली आणि त्यांपैकी अनेक देवघरात गेली. शैलीचा विचार करता त्या चित्रांतील सरस्वती आणि हंसाशी संवाद करणारी दमयंती एकाच जगातील वाटतात. तरीही सरस्वतीच्या चित्राचा कागद जमिनीवर पडला तर आपण तो उचलून कपाळाला लावतो. दमयंतीच्या चित्राचा कागद नुसता उचलून ठेवतो. हा भेद रंगरेषांचा नव्हे, कराराचा आहे.

वेताळाचे उदाहरण याहून बोलके आहे. 'चांदोबा' मासिक मराठीत १९५२ पासून निघू लागले. त्यात 'शंकर' या नावाने चित्रे काढणाऱ्या चित्रकाराचे विक्रमाचे चित्र अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. हाती तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. ते पाहून मुले घाबरत. पण ती भीती हवीहवीशी असे, कारण ही गोष्ट आहे हे त्यांना ठाऊक होते. आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथे जाऊ. तेथे वेतोबा हे ग्रामदैवत आहे आणि रात्री गावाची राखण करीत फिरणाऱ्या या देवाला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. मासिकातला वेताळ आणि आरवलीचा वेतोबा यांचे मूळ एकच असले, तरी पहिल्यासमोर आपण वाचक असतो आणि दुसऱ्यासमोर भाविक. म्हणून पौराणिक किंवा दैवतविषयक चित्राला सरसकट 'अद्भुतरम्य' म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे आणि श्रद्धावंतावर अन्याय करणारेही आहे.

४. अद्भुतरम्य चित्राची घडण

चित्रकाराला करार पाळायचा असतो आणि असंभवनीय ते पटवूनही द्यायचे असते. त्यासाठी तो वास्तवाचाच आधार घेतो. वस्तू जितकी अशक्य, तितका तिच्यावरचा प्रकाश ओळखीचा असावा लागतो. सावली, वजन, कापडाची चुणी, कातडीचा पोत या गोष्टी जगातल्यासारख्या असल्या, तरच राक्षस जगात उभा राहतो.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये कीर्ती मिळविलेल्या हेन्री फ्यूजेली याने १७८१ मध्ये 'द नाइटमेअर' हे चित्र रंगविले. निद्रिस्त स्त्रीचे मस्तक शय्येच्या कडेवरून खाली लोंबते आहे, तिच्या छातीवर एक बुटका पिशाच्चरूपी जीव बसला आहे आणि पडद्यातून घोड्याचे डोके आत डोकावते आहे. पिशाच्च खरे नाही. त्याचे वजन मात्र खरे वाटते. येथे भाषेच्या अभ्यासकाला एक रंजक गोष्ट आढळते. 'नाइटमेअर' या शब्दातील 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे. झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या पिशाच्चाचे ते जुने नाव आहे. पुढे घोडीवाचक शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य झाले. फ्यूजेलीने पिशाच्च आणि घोडा असे दोन्ही अर्थ एकाच चित्रात आणले. आपल्याकडेही नकोसे माणूस वा काम 'उरावर बसते'. ज्या अनुभवाचे मराठीत वाक्प्रचारात रूपांतर झाले, त्याचे या चित्रात शरीर झाले आहे.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परीचित्रांची लाट आली. कारखाने, रेल्वे आणि छायाचित्रण यांचा तो काळ होता. त्यातील रिचर्ड डॅड या चित्रकाराचे 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मानसिक विकाराच्या भरात पित्याची हत्या केल्यानंतर डॅडचे आयुष्य बंदिस्त रुग्णालयांत गेले आणि तेथेच १८५५ ते १८६४ या काळात त्याने हे चित्र रंगविले. कवचीचे फळ फोडण्यासाठी कुऱ्हाड उगारलेला परीलोकीचा लाकूडतोड्या आणि गवताच्या पात्यांआडून त्याच्याकडे पाहणारे असंख्य चिमुकले जीव हा त्याचा विषय. चित्राची उंची जेमतेम ५४ सेंटिमीटर आहे. त्यातील गवत आणि फुले इतकी खरी आहेत की परीलोकाबद्दल शंका घेण्यास जागा उरत नाही. पुढे या चित्रातील पात्रांचा परिचय करून देणारी एक दीर्घ कविता डॅडने लिहिली. चित्राला शब्दांची चौकट हवी, हे त्यालाही जाणवले असावे.

५. अतिवास्तववादाशी तुलना

१९२४ मध्ये आंद्रे ब्रेतों याच्या जाहीरनाम्याने अतिवास्तववादी चळवळीला दिशा मिळाली. तिच्या चित्रांतही असंभवनीय गोष्टी असतात. तथापि अद्भुतरम्य चित्र एका सुसंगत जगाची खिडकी असते. त्या जगाला नियम असतात आणि 'पुढे काय झाले?' असे विचारता येते. साल्वादोर दाली याच्या १९३१ मधील चित्रातील वितळलेली घड्याळे कोणत्या देशातील आहेत, असे कोणी विचारत नाही. ती मनाच्या तळातून आलेली असतात. याच चळवळीतील रेने माग्रीत याने १९२९ मध्ये पाइपचे हुबेहूब चित्र काढले आणि त्याखाली 'हा पाइप नव्हे' अशा आशयाचे वाक्य लिहिले. नकार व्यक्त करण्यासाठी त्याला भाषेकडे यावे लागले, हे लक्षणीय आहे.

६. चौकटीचे कार्य

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. अद्भुतरम्य चित्राचा 'म्हणे' चित्राबाहेर असतो. शीर्षक, सोबतची कथा, मासिकाचे नाव, पुस्तकाचे मुखपृष्ठ ही त्याची रूपे. विसाव्या शतकात हा प्रकार मुख्यतः पुस्तके व मासिके यांच्या आश्रयाने वाढला, तो योगायोग नव्हे. आर्थर रॅकहॅम याची १९०६ मधील 'पीटर पॅन'ची चित्रे किंवा फ्रँक फ्राझेटा याने १९६६ मध्ये कॉनन या योद्ध्याच्या कथासंग्रहासाठी रंगविलेले मुखपृष्ठ पाहताना, आपण गोष्टीच्या दारात उभे आहोत हे वाचकाला आधीच कळलेले असते.

चौकट निखळली तर काय होते, याचेही उदाहरण पाहू. २००२ मध्ये संगणकीय चित्रांच्या एका स्पर्धेसाठी एका कलावंताने, हत्तीच्या कुळातील प्राचीन प्राण्याच्या उत्खननाच्या छायाचित्रात प्रचंड मानवी सांगाडा बेमालूम बसविला. स्पर्धेच्या चौकटीत ते कौतुकास्पद अद्भुतरम्य चित्र होते. पुढे ते चौकटीवाचून फिरू लागले आणि भारतात घटोत्कचाच्या सांगाड्याचा पुरावा म्हणून पसरले. त्या कलावंताला खोटारडा म्हणता येणार नाही, कारण त्याने करार पाळला होता. 'म्हणे' वाटेत कोणीतरी पुसून टाकला आणि विस्मयाची जागा फसवणुकीने घेतली. आज अशी चित्रे क्षणार्धात तयार होतात व पसरतात. म्हणून चित्र पाहताना 'हे कोणी, कोणासाठी आणि कोणत्या चौकटीत काढले?' असे विचारणे हा आस्वादाचा भाग तर आहेच, शिवाय सुजाण नागरिकाचे ते कर्तव्यही आहे.

७. सारांश

अद्भुतरम्य चित्र असंभवनीय गोष्ट वास्तवाच्या साधनांनी रंगविते. त्याचा प्रकार केवळ विषयावरून ठरत नाही. चित्रकार आणि प्रेक्षक यांच्यातील करारावरून ठरतो. श्रद्धा असेल तेथे ते धार्मिक चित्र होते, चौकट निखळली तर दिशाभूल होते. आणि करार शाबूत असेल, तेव्हा न फसता विस्मित होण्याचा आनंद त्यातून मिळतो.

स्वाध्याय

१. 'चित्र सदैव स्वार्थात बोलते' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. मासिकातील वेताळ आणि ग्रामदैवत वेतोबा यांच्या आधारे कल्पना व श्रद्धा यांतील भेद विशद करा.
३. अद्भुतरम्य आणि अतिवास्तववादी चित्रांची तुलना करा.
४. आपल्या घरातील किंवा पाठ्यपुस्तकातील एक चित्र निवडा. त्याची चौकट काढून घेतल्यास त्याचा अर्थ कसा बदलेल, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.