खोकं भरलं का?

परदेशात राबणाऱ्या फिलिपिनोंनी २०२४ साली बँकांमार्फत सुमारे ३४.५ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. देशाच्या जीडीपीच्या सुमारे ७.५ टक्के. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी १९८८ मध्ये हाँगकाँगमधल्या घरकामगारांना ‘नवे वीर’ म्हटलं. गौरव फुकटचा, खर्च मात्र त्यांच्याच माथी: भाचीची फी, काकांचं डायलिसिस, शेजाऱ्याची उसनवारी. हाँगकाँगमध्ये घरकामगारांचा किमान पगार २०२४ अखेर महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर. त्यातूनच मायदेशी घरच्यांना धाडायचं ‘बालिकबायान’ खोकं भरायचं: साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं, बूट. सुट्टीत रिकाम्या हाताने गेलं की नातलगांची तोंडं वाकडी! नोकरी लावणाऱ्या एजन्सीचं कर्ज फिटलं का, हे सहसा कुणी विचारत नाही. खोक्याची मात्र सोय आहे: वर्षाला दीड लाख पेसोंपर्यंतच्या अशा घरगुती खोक्यांवर सीमाशुल्क माफ आहे.