क्यूआर कोडचा खजिनाशोध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्तीसगडच्या पाठ्यपुस्तकांत ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचाचे क्यूआर कोड आहेत, त्यामुळे रायपूरच्या मुलांना तो काळा-पांढरा चौकोन नवा नाही. पण त्याच चौकोनांवर शाळेत खजिनाशोध घ्यायचा म्हटलं, की शंका सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच बिनबुडाच्या आहेत.

गैरसमज: इंटरनेट नसेल तर खेळ नाही.

वस्तुस्थिती: कोडमध्ये संकेतस्थळाचा पत्ताच हवा असं नाही, थेट मजकूरही भरता येतो. ऑफलाइन चालणारं स्कॅनर अ‍ॅप फोनवर आधीच घेतलं की झालं. एका कोडची कमाल क्षमता 2,953 बाइट. देवनागरीतलं अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी तीन बाइट घेतात. तरी नऊशेहून अधिक चिन्हं मावतात. मात्र मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात आणि साधा कॅमेरा अडखळतो. दोन ओळी पुरेत.

गैरसमज: प्रत्येक मुलाकडे फोन हवा.

वस्तुस्थिती: पाच-सहा जणांच्या गटाला शिक्षकांचा एक फोन पुरतो. एकानं स्कॅन करायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं उत्तर लिहायचं. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणारे आणि 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते, एखाद्या महागड्या शाळेत नव्हे.

गैरसमज: कागद मळला की कोड गेला.

वस्तुस्थिती: जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी 1994 मध्ये हा कोड तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी. कारखान्यातले डाग आणि धूळ गृहीतच होती. कोड बनवताना त्रुटी-दुरुस्तीची ‘एच’ ही पातळी निवडली, तर सुमारे 30 टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आणि भोवतालची पांढरी कड मात्र शाबूत हवी. मीटरभरावरून स्कॅन करायचा असेल, तर कोड साधारण 10 सेंटिमीटरचा छापावा.

गैरसमज: काही दिवसांनी कोडची मुदत संपते.

वस्तुस्थिती: मजकूर भरलेल्या कोडला मुदत नसते. बंद पडू शकतो तो एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाणारा ‘डायनॅमिक’ कोड.

गैरसमज: कोड चिकटवले की खेळ रंगतो.

वस्तुस्थिती: ‘जिन्याखाली बघा’ एवढंच लिहिलं, तर नुसती पळापळ होते. त्याऐवजी विचारावं: ‘1900 मध्ये पेंड्र्याहून “छत्तीसगढ़ मित्र” काढणारे मराठी भाषक संपादक कोण? रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर ग्रंथालयाच्या कपाटावर शोधा.’ माधवराव सप्रे हे उत्तर सापडलं, की मुलं ‘स’च्या कपाटापाशी पोचतात. पुढचा कोड तिथेच.

सगळे गट एकाच ठिकाणाहून सोडू नयेत. सहा गट असतील तर सुरुवातीची ठिकाणंही सहा ठेवावीत. आणि आदल्या दिवशी, शाळेतला सर्वांत जुना फोन घेऊन प्रत्येक कोड जागेवर जाऊन स्कॅन करून पाहा.