घर विकताय? किंमत पोर्टलवर नाही, 'इंडेक्स टू'मध्ये बघा

मागच्या वर्षी आम्ही आमचा चिंचवडचा फ्लॅट विकायला काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे दुखायला लागलेले. लिफ्ट असलेल्या एका सोसायटीतला फ्लॅट तिला आवडला होता, पण त्याचे पैसे जुनं घर विकूनच उभे राहणार होते. बाबांनी किंमत ठरवली ९८ लाख. पाच महिन्यांत नऊ जण बघून गेले. एकाचाही पुन्हा फोन आला नाही. तेवढ्यात आईला आवडलेला फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवसभर डेटा तपासणं हेच माझं काम, पण घरातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराचा आकडा मी तपासलाच नव्हता. शेवटी एका रविवारी दुपारी फोन घेऊन बसले. जे सापडलं ते सगळं सरकारी साइटवर होतं, तेही फुकट. महाराष्ट्रात तुमच्या घरी कुणी घर विकत असेल तर हे काम तुम्हीच हातात घ्या. आई-बाबांना ती साइट चालवणं जड जातं.

९८ लाख आले कुठून?

बाबांनी पोर्टलवर आमच्या भागातले फ्लॅट बघितले. भाव दिसला १०,५०० रुपये चौरस फूट. आमच्या करारनाम्यात क्षेत्रफळ होतं ९६० चौरस फूट. गुणाकार केला, एक कोटी ऐंशी हजार. 'थोडं कमी करू' म्हणून ९८.

यात दोन चुका होत्या.

पहिली चूक चौरस फुटाची. आमचा करार २००३ चा आहे. तेव्हा बिल्डर 'सेलेबल' म्हणजे सुपर बिल्टअप क्षेत्र लिहायचे, त्यात जिना आणि पॅसेजचा वाटाही धरलेला असायचा. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि नव्या प्रकल्पांत कार्पेट क्षेत्रावर विक्री करणं बंधनकारक झालं. पोर्टलवरचा तो भाव कार्पेटचा होता. आमचं कार्पेट आहे ७०० चौरस फूट. ७०० गुणिले १०,५०० म्हणजे ७३ लाख ५० हजार. एका गुणाकारात २७ लाखांचा फरक!

दुसरी चूक म्हणजे पोर्टलवर दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नाही. एकच फ्लॅट तीन एजंट तीन भावांनी टाकतात. विकला गेलेला फ्लॅटही कित्येकदा तिथेच पडून असतो. शिवाय जो भाव चुकीचा असतो तोच जास्त दिवस दिसत राहतो, कारण बरोबर भावाचं घर विकलं जाऊन यादीतून निघून जातं.

खरा आकडा कुठे मिळतो?

घराची खरेदी नोंदवली की दुय्यम निबंधक कार्यालयात 'सूची क्रमांक २' तयार होते. सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर 'ई-सर्च'मध्ये ती मोफत बघता येते. असं करा:

१. तुमच्या करारनाम्यातून किंवा स्वतःच्या इंडेक्स टूवरून जमिनीचा सर्व्हे, गट किंवा सीटीएस नंबर काढून ठेवा. फ्लॅट नंबरपेक्षा हाच जास्त उपयोगी पडतो.

२. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा आणि पॉप-अपला परवानगी द्या. नाहीतर कागद उघडतच नाही.

३. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि तो नंबर भरा. कॅप्चा टाकूनही काही आलं नाही तर पुन्हा टाका, साइट जुन्या वळणाची आहे.

४. यादी आली की एकेक नोंद उघडा आणि 'मोबदला' बघा. प्रत्यक्ष ठरलेली किंमत ती. शेजारी 'बाजारभाव' असं लिहिलेलं असतं, पण तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दराने काढलेला आकडा असतो. नावावरून फसू नका, मी पहिल्या दोन नोंदींत फसलेच होते.

या नोंदींमध्ये लोकांची नावं असतात. स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

आता गाळणी लावा

आमच्या नंबरावर ढीगभर नोंदी आल्या. त्यातून भाडेकरार, गहाण, बक्षीसपत्र आणि हक्कसोड बाजूला काढले. बिल्डरने पहिल्यांदा विकलेलेही काढले. मागच्या दीड वर्षातले, आमच्याएवढे आणि एका मालकाने दुसऱ्याला विकलेले असे सहाच फ्लॅट उरले. सहा पुरतात.

मग प्रत्येकाचं क्षेत्रफळ एका मापात आणलं. कुठे चौरस मीटर, कुठे चौरस फूट, कुठे कार्पेट, कुठे बिल्टअप असं सगळं मिसळलेलं असतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. मोबदल्याला कार्पेटने भागल्यावर भाव आले ते असे: ९,७००, ९,९००, १०,१००, १०,२००, १०,६०० आणि ११,९००.

इथे सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. सरासरीला एकच महागडा फ्लॅट वर ओढतो. आमच्या यादीतला ११,९०० वाला त्याच जमिनीवरच्या लिफ्टच्या इमारतीतला निघाला. मधला भाव आला १०,१५०. पण बिनलिफ्टचे, वरच्या मजल्यावरचे जे दोन होते ते ९,७०० आणि ९,९०० ला गेले होते. आमचं घर त्यांच्या जातीचं. म्हणजे ९,८०० च्या हिशेबाने ६८ लाख ६० हजार.

एक गोष्ट खरी की, काही व्यवहारांत रोखीचा भाग कागदावर येत नाही. ते बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे एखादी नोंद कमी दिसू शकते. म्हणूनच एका नोंदीवर विसंबायचं नाही, पाच-सहा बघायच्या.

बाबांना यादी दाखवली. ते एका नोंदीवर थांबले. "अगं, हे चुकलंय. यांनी मला स्वतः सांगितलं होतं, पंच्याऐंशीला गेला म्हणून." कागदावर ७० लाख होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीस वर्षं हप्ते भरलेत मी या घराचे." मला उत्तर सुचलं नाही. घरात किती घातलं ते आपल्याला माहीत असतं, पण घेणाऱ्याच्या हिशेबात ते कुठेच येत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने बघा

घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून येतो. बँक स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते आणि करारातली किंमत व त्याने काढलेली किंमत यातली कमी असेल ती धरते. कर्ज ३० ते ७५ लाखांमधलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतं.

समजा आमचा फ्लॅट कुणी ९८ ला घ्यायला तयार झाला आणि बँकेने त्याची किंमत ७० लाख धरली. कर्ज मिळणार ५६ लाख. उरलेले ४२ लाख त्याने खिशातून आणायचे, वर मुद्रांक शुल्क वेगळं. ७० ला घेतला तर १४ लाख पुरतात. ते नऊ जण परत का आले नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

मग सांगायची किती?

घासाघीस होणारच, म्हणून काढलेल्या आकड्यावर ४-५ टक्के जागा ठेवा. आम्ही ७२ लाख सांगायचे ठरवले. बाबा ७६ म्हणत होते. मी त्यांना पोर्टलचा फिल्टर दाखवला. लोक '७५ लाखांपर्यंत' असं निवडतात. ७६ टाकलं की त्या सगळ्यांच्या फोनवरून आपण गायब!

नोंदणी विभागाच्याच साइटवर रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक दर विवरणपत्रकही बघून ठेवा. तो विक्रीचा भाव नाही. पण त्याच्या खाली विकलं तरी मुद्रांक शुल्क त्याच दराने भरावं लागतं आणि आयकरातही अडचण येऊ शकते. तेवढं सीएला विचारा.

नवीन किमतीने जाहिरात टाकली. पहिल्या आठवड्यात चार जण आले, त्यातले दोघे पुन्हा आले. सातव्या आठवड्यात ६९ लाख ५० हजारांना व्यवहार झाला. आईला आधी आवडलेला फ्लॅट काही परत मिळाला नाही. जो घेतला त्याला लिफ्ट आहे, पण बाल्कनी लहान आहे आणि तुळस खिडकीत ठेवावी लागते.

आमचे पाच महिने गेले ते त्या एका गुणाकारामुळे. तुमच्या घरी किंमत ठरत असेल तर आधी करारनामा उघडा आणि त्यातलं क्षेत्रफळ कार्पेट आहे की सेलेबल एवढं बघून घ्या. बाकीचं एका रविवारी होतं.