सातासमुद्रापारचं वाणसामान : काय तिथं घ्यावं, काय इथून न्यावं



लेक, सून किंवा नात अमेरिकेत असली आणि आपलं तिकीट निघालं, की घरात पहिला प्रश्न येतो तो बॅगेचा. काय भरायचं? विमानात बहुतेक वेळा 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्यातली निम्मी जागा डाळी, पिठं आणि पोहे खातात. तिथं पोचल्यावर कळतं, की हे सगळं लेकीच्या घराजवळच्या दुकानात मांडून ठेवलेलं आहे. जे तिथं मिळत नाही, ते मात्र आपण जागा नाही म्हणून इथंच ठेवून आलो! आमच्या गटातल्या काही जणी लेकी-सुनांच्या बाळंतपणाला जाऊन आल्या. त्यांनी तिथल्या भारतीय किराणा दुकानांत काय चांगलं मिळालं आणि कशानं निराशा केली, ते आम्हाला सांगितलं. आज ते तुम्हाला सांगायचं आहे. नुसतं चांगलं-वाईट नाही, तर तसं का होतं तेही.

आधी ही दुकानं कुणाची ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं होईल. अमेरिकेतली भारतीय किराणा दुकानांची सगळ्यांत मोठी साखळी आहे पटेल ब्रदर्स. मफत आणि तुलसी पटेल या भावांनी 1974 साली शिकागो शहरातल्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर पहिलं दुकान काढलं. आज त्यांची पन्नासहून जास्त दुकानं आहेत. शिवाय इतरांची लहान-मोठी पुष्कळ आहेत. यातली बरीच दुकानं गुजराती मंडळींनी उभी केली, म्हणून पाकिटावरची नावंही बऱ्याचदा गुजराती वळणाची असतात. आपली बाई "इथं अळीव नाहीत" म्हणून परत येते आणि अळीव तिच्या डोळ्यासमोर असतात!

तर ही नावं लिहून घ्या. अळिवाला तिथं असेळियो किंवा हलीम म्हणतात. डिंक म्हणजे गुंदर. ओवा म्हणजे अजमो. मटकी म्हणजे मठ. हुलगे, म्हणजे कुळीथ, कळथी या नावानं मिळतात. उपासाची वरी मोरैयो किंवा सामो म्हणून मिळते. म्हणजे बाळंतिणीच्या लाडवांचं बरंचसं सामान तिथंच मिळतं. ते इथून ओझं करून नेण्याची गरज नाही.

आता आवडीच्या वस्तू. पहिला नंबर सगळ्यांनी एकमतानं दिला तो गोठवलेल्या खवलेल्या नारळाला. पाकीट फोडा, हवा तेवढा काढा, उरलेला परत फ्रीजरमध्ये. ओल्या नारळाची चटणी, नारळीभात, सोलकढी, सगळं जमतं. दुसरा नंबर मटारचा, तिसरा अख्ख्या लहान भेंडीचा आणि शेवग्याच्या शेंगांचा. पदर सुटणारे मलबारी पराठेही चांगले निघतात.

हेच का चांगलं? पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात. हे स्फटिक टोकदार असतात, ते भाजीच्या पेशींच्या भिंती फोडतात. भाजी परत नरम झाली की त्या फुटक्या पेशींतलं पाणी गळून जातं आणि भाजी मऊ, चिवट होते. जितकं जलद गोठवावं तितके स्फटिक लहान राहतात आणि नुकसान कमी होतं. मटार लहान असतात, सुटेसुटे आणि झटकन गोठवता येतात, म्हणून चांगले राहतात. नारळात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे त्याचं फारसं बिघडत नाही. शेवग्याची शेंग थोडी मऊ पडते, पण आमटीत आपण तिला मऊच करतो, म्हणून कळत नाही. पराठ्याच्या पदरांत तूप-तेल असतं, तव्यावर ते सुटतं आणि पराठा पुन्हा खुसखुशीत होतो.

याच कारणानं दुधी आणि वांगं गोठवलेलं घेऊ नका. दोन्ही पाणीदार. कढईत टाकलं की भाजीऐवजी रस्साच होतो. त्या भाज्या ताज्याच घ्याव्यात, आणि त्या ताज्या मिळतातही.

पाकीट घेताना एक खूण बघा. मटार किंवा नारळ पाकिटात हलवून पाहा. सुटा वाजला तर चांगला. एकसंध दगड झाला असेल आणि आत बर्फाचा थर दिसत असेल, तर तो माल वाटेत कुठंतरी विरघळून पुन्हा गोठला आहे. ठेवून द्या.

आता निराशेच्या वस्तू. पहिली तक्रार बाजरीच्या पिठाची. "कडू लागतं गं," असं जवळजवळ प्रत्येकीनं सांगितलं. यात दुकानदाराचा दोष कमी आणि बाजरीचा स्वभाव जास्त. बाजरीत तेलाचा अंश इतर धान्यांपेक्षा जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल सुरक्षित असतं. दळला की दाण्यातलीच पाचकद्रव्यं त्या तेलावर काम करू लागतात आणि पीठ थोड्याच दिवसांत खवट, कडू होतं. म्हणून तर आपल्याकडे बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणायची रीत आहे. महिनोन् महिने प्रवास केलेलं पीठ गोड कसं लागणार? उपाय दोन. एक, तिथं अख्खी बाजरी घ्या आणि लागेल तशी मिक्सरवर किंवा घरच्या लहान चक्कीवर दळा. दोन, पीठच घ्यायचं तर लहान पाकीट घ्या, तारीख बघा आणि घरी आल्याबरोबर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीनं बिघाड मंदावतो. आपल्या बचत गटांनीही हे ध्यानात ठेवावं. बाजरी थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवून, कडकडीत वाळवून मग दळली, तर पीठ जास्त दिवस टिकतं, कारण उष्णतेनं ती पाचकद्रव्यं निकामी होतात. लांबच्या बाजारात पीठ पाठवायचं असेल तर हा एवढा खटाटोप करावाच लागेल.

दुसरी तक्रार ज्वारीच्या पिठाची. ते कडू नसतं, पण भाकरी थापताना तुटते. आपण म्हणतो, पीठ विरी गेलं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतोच, आणि जुन्या पिठात उरलासुरला धरही जातो. अशा पिठात उकळतं पाणी घालून, झाकून, थोडी उकड येऊ द्या आणि कोमट असतानाच मळा. गरम पाण्यानं पिठातली खळ फुलते आणि तीच धर देते. भाकरी हमखास होते.

तिसरी तक्रार गोठवलेल्या पोळ्यांची. घडीची मऊसूत पोळी मनात धरून पाकीट उघडलं की चामड्यासारखी पोळी हाती येते. शिजलेला पिठूळ पदार्थ थंड झाला की त्यातली खळ पुन्हा घट्ट होते, कालच्या भाताचं होतं तसंच. वाफ दिली तर ती परत सैल होते. म्हणून उकडीचे मोदक गोठवलेले मिळाले तर ते मायक्रोवेव्हमध्ये नाही, मोदकपात्रात वाफवा. पारी फाटत नाही आणि चवही बरी लागते. पोळी मात्र घरी लाटलेलीच खरी.

चौथी गोष्ट पुरणपोळी. ती बघून हरखून जाऊ नका आणि चव वेगळी लागली तर रागावूही नका. गुजरातेत पुरण तुरीच्या डाळीचं करतात, आपलं हरभऱ्याच्या डाळीचं. ती पोळी वाईट नाही, ती दुसऱ्या घरची आहे. पाकिटावर घटक वाचले की कळतं. तिथला आणि आपल्याकडचाही नियम असा, की जो घटक वजनानं सगळ्यांत जास्त तो यादीत आधी लिहायचा. साखर पहिली असेल तर ते साखरेचं पुरण समजावं. आंब्याच्या रसाच्या डब्यालाही हीच कसोटी लावा. रस आधी हवा, साखर मागून. डब्यातला रस तापवून टिकवलेला असतो, त्यामुळे त्याला शिजलेली चव येते. आमरसापेक्षा तो श्रीखंडात आणि वड्यांत शोभतो.

ताजा आंबा तिथं मिळतो का? मिळतो, पण महाग. 2007 साली अमेरिकेनं आपल्या आंब्याला परवानगी दिली ती एका अटीवर, की फळातली कीड मारण्यासाठी त्यावर किरणांची प्रक्रिया झाली पाहिजे. सुरुवातीचे आंबे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात प्रक्रिया होऊन गेले. या प्रक्रियेनं फळ किरणोत्सारी होत नाही, खायला धोका नाही. पण प्रक्रिया आणि विमानाचं भाडं मिळून पेटीची किंमत वाढते.

आता बॅगेत काय भरायचं ते ऐका. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी, कुरडया, सांडगे. तिथं गरम मसाला ढिगानं मिळतो, पण आपल्या हातचा गोडा मसाला क्वचित. भाजणी साध्या पिठापेक्षा बरी टिकते, कारण धान्य भाजून घेतलेलं असतं. कारळ्याची चटणी घरून करून न्या. तिकडे कारळे मुख्यतः पाखरांचं खाद्य म्हणून विकले जातात. ते माणसांच्या खाण्यासाठी निवडलेले नसतात, तेव्हा ते आणून चटणी करू नये.

काय नेऊ नये, हे त्याहून महत्त्वाचं. ताजा कढीपत्ता नेऊ नका. त्यावर बसणाऱ्या बारीक किडीमुळे लिंबू-संत्र्याच्या झाडांना मोठा रोग होतो, म्हणून बंदी आहे. कच्चा तांदूळ आणि हरभरे नेऊ नका, त्यातून खाप्रा नावाची धान्याची कीड जाते. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थही नकोत. जे खाण्याचं असेल ते विमानतळावर विचारल्यावर सरळ सांगा. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. लेक दुबईला किंवा सिंगापूरला असेल, तर खसखस मुळीच नेऊ नका, खसखस लावलेले अनारसेही नकोत. तिथं खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. चिमूटभर खसखशीपायी तुरुंगाची वेळ येऊ शकते.

नातवंडांच्या डब्याचंही सांगून ठेवतो. तिथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाणे चालत नाहीत, कारण काही मुलांना त्याची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तिळाचाही मुख्य अ‍ॅलर्जींच्या यादीत समावेश झाला आहे. तेव्हा दाण्याचा कूट घातलेली खिचडी किंवा संक्रांतीचा तिळगूळ शाळेत पाठवण्याआधी सुनेला विचारा. घरात कुणाला गहू चालत नसेल तर हिंगाची डबीही वाचा. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

शेवटचं. जुलै 2023 मध्ये आपल्या सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या या दुकानांत तांदळाच्या पोत्यांसाठी झुंबड उडाली. लोकांनी वर्षाचा तांदूळ भरला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, निर्यात पुन्हा खुली झाली. घाबरून भरलेली कोठी किडीच्या कामी येते, हे आपल्या आजीनं सांगितलेलं तिकडेही खरंच आहे.

तेव्हा बॅग भरायला घेण्याआधी लेकीला एक काम सांगा. तिच्या दुकानातल्या फळ्यांचे फोनवर फोटो काढून पाठव म्हणावं. त्यात जे दिसेल ते यादीतून खोडा. साठीच्या पुढे गुडघे धरून 46 किलो ओझं ओढत नेण्यापेक्षा अर्धी बॅग हलकी न्यावी. बाळंतिणीला आपल्या हातच्या मसाल्याची आमटी तर हवीच असते, पण ती करून घालायला आईची कंबरही शाबूत हवी.

तुमच्या लेकीच्या दुकानात काय चांगलं मिळालं, कशानं निराशा केली, ते आम्हाला जरूर कळवा. ते पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.