प्रमेह, पथ्य आणि नवा उपस्थाता

जीर्ण व्याधींच्या चिकित्सेत औषधयोजनेपेक्षा पथ्यपालन अधिक अवघड असते, हा प्रत्येक वैद्याचा अनुभव आहे. औषध रुग्ण दिवसातून दोन-तीन वेळा घेतो. पथ्य मात्र त्याला प्रत्येक ताटासमोर, आप्तेष्टांच्या आग्रहासमोर आणि स्वतःच्या जिव्हेसमोर पाळावे लागते. चिकित्सालयात आपण दहा मिनिटे पथ्य समजावून सांगतो व चिठ्ठीच्या मागील बाजूस चार ओळी लिहून देतो. रुग्ण दाराबाहेर पडला, की त्या चार ओळींचा सांभाळ कोणी करावयाचा, या प्रश्नाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या दशकात आपल्या क्षेत्राबाहेरून आले. महाराष्ट्रातील मधुमेही व स्थूल व्यक्तींनी मोबाइलवरील गटांच्या आधारे आहारनियम पाळण्यास प्रारंभ केला. आज सात रस्त्यावरील एखाद्या वैद्याकडे येणारा प्रमेही रुग्ण बहुधा अशा एखाद्या गटाचे पथ्य आधीच घेऊन आलेला असतो. त्यास काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चळवळीचे स्वरूप

या चळवळीचा उगम डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या व्याख्यानांत आहे. नागपूरचे हे बहुश्रुत राजकारणी स्वतः वैद्यकीय पदवीधर होते व २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी २०१३ च्या सुमारास त्यांचा आहारविचार आपल्या परीने मांडून व्याख्यानांद्वारे गावोगावी नेला. त्याचे सार थोडक्यात असे: कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळी, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक यांसारख्या पेयांखेरीज काही घेऊ नये, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. प्रारंभी व नंतर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी व उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासावे, असाही आग्रह त्यात आहे. मार्गदर्शन विनामूल्य ठेवून व्हॉट्सअॅपवरील गटांतून ते दिले गेले, हे या उपक्रमाच्या प्रसाराचे मुख्य कारण होय. २०१८ साली राज्य शासनाने स्थूलत्वविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षित यांची सदिच्छादूत म्हणून नियुक्ती केली. त्याच सुमारास थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा पुरस्कार करणाऱ्या ऋजुता दिवेकर यांचे मतही लोकप्रिय होते आणि ‘दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

या वादात आपण पक्ष घेण्याचे कारण नाही. आहार एकदा, दोनदा की अनेकदा, याचे उत्तर आपल्या शास्त्रात अग्नी, बल व सात्म्य यांवर अवलंबून आहे. पूर्वीचे अन्न जीर्ण होण्यापूर्वी पुन्हा खाणे म्हणजे अध्यशन, आणि ते रोगाचे मूळ, हे तर आपणच सांगत आलो आहोत. प्रमेहाच्या निदानात चरकाचार्यांनी बैठे व निद्राप्रिय जीवन, दही, दूध, आनूप मांस, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांचा अतिरेक मोजला आहे. सुश्रुताचार्यांनी तर निर्धन प्रमेहीस शंभर योजने चालावयास व विहीर खणावयास सांगितले. म्हणजे चालणे व मोजके खाणे यात आपल्याला नवे असे काही नाही. नवे आहे ते सातत्य टिकविण्याचे साधन, आणि आपण शिकावयाचे आहे तेही तेच.

गटाचे स्थान कोणते?

चिकित्सेचे चार पाद आपण पहिल्या वर्षापासून शिकतो: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थात्याचा विचार आज जवळजवळ सुटला आहे. रुग्णालयात परिचारिका आहे. परंतु घरी राहून वीस-पंचवीस वर्षे प्रमेह सांभाळणाऱ्या रुग्णाचा उपस्थाता कोण? एकत्र कुटुंबात ही जबाबदारी घरातील स्त्रिया उचलीत. आता पती-पत्नी दोघेही नोकरीवर, मुले पुण्यास वा परदेशी, अशी स्थिती असताना ही जागा रिकामी राहिली आणि ती गटाने भरून काढली. लग्नाच्या पंगतीत जिलेबी नाकारून आल्यावर ‘आज जमले’ असे कोणास तरी सांगावेसे वाटते. ते ऐकणारे, स्वतः त्याच प्रसंगातून गेलेले शंभर जण गटात असतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या तत्त्वाचा उपयोग पूर्वीच झालेला आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस व १९८६ साली पुण्यात स्थापन झालेले मुक्तांगण ही त्याची परिचित उदाहरणे होत.

उपस्थात्याचे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. या कसोटीवर गट पारखला, तर अनुराग त्याच्या ठायी भरपूर आढळतो आणि सकाळी सहाला चालण्याची आठवण करून देण्याचे दाक्ष्यही असते. शौचाचा अर्थ व्यवहाराची शुचिता असा घेतला, तर तेथे सावधगिरी हवी. कारण रुग्णाचे तपासणी अहवाल अनोळखी माणसांसमोर मांडले जातात आणि कोणी मधेच आपले चूर्णही विकू लागतो. उपचारज्ञतेविषयी मात्र खात्री देता येत नाही. एकास लागू पडलेला नियम सर्वांस लागू, असे तेथे सहज गृहीत धरले जाते. म्हणून गटास उपस्थात्याचा मान द्यावा. भिषकाची जागा मात्र देऊ नये.

‘मुक्ती’ की याप्यता?

गटांत ‘मधुमेहमुक्त’ हा शब्द फार प्रचलित आहे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी यासाठी निश्चित केलेला निकष असा, की साखर कमी करणारी औषधे थांबविल्यानंतर किमान तीन महिन्यांनीही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असावे. या अवस्थेला त्यांनी बरे होणे न म्हणता उपशम म्हटले. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या प्रसिद्ध अभ्यासात आहारनियंत्रणाने वजन उतरविलेल्या गटातील ४६ टक्के रुग्ण एका वर्षानंतर उपशमात होते. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. तेथील आहार द्रवरूप व अत्यल्प उष्मांकाचा होता, आणि निवडलेले रुग्ण सहा वर्षांच्या आतील मधुमेहाचे, इन्सुलिन न घेणारे होते. त्यामुळे त्याचे आकडे दोन वेळच्या जेवणास जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात. वजन उतरले तर अनेकांत साखर सावरते. आणि वजन पुन्हा वाढले तर ती परत येते.

आपल्या परिभाषेत ही याप्यता होय. सुश्रुताचार्यांनी याप्य रोग्यास पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. टेकू नीट बसविलेला असेपर्यंत ते उभे राहते. रुग्णास हे प्रथमच सांगावे. ‘मुक्त झालो’ असे मानणारा रुग्ण टेकू काढून टाकतो आणि वर्ष-दोन वर्षांनी पायाची जखम वा दृष्टिमांद्य घेऊन परत येतो.

सोलापूरचा उपयोक्ता

आहारविधीच्या आठ आयतनांत देश, काल, राशी व उपयोक्ता यांचा समावेश आहे. राज्यभरासाठी तयार झालेल्या एका तक्त्यात त्यांना स्थान मिळणे कठीण. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात व त्यांची ताटे निराळी असतात. एका घरी ज्वारीची कडक भाकरी व शेंगाची चटणी, तर दुसऱ्या घरी भात हेच मुख्य अन्न. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची भूक पहाटे लागते. विडी वळणाऱ्या स्त्रीचे दिवसभराचे बैठे काम निदानात ‘आस्यासुख’ म्हणून लिहिले, तरी त्यात सुख कोठलेच नसते. हजार विड्यांचा हिशेब पुरा झाल्याशिवाय तिला उठता येत नाही. तिला ४५ मिनिटे चालण्याचा उपदेश करण्यापूर्वी ती कधी व कोठे चालेल, हे तिच्यासमवेत ठरवावे लागते.

ज्वारीविषयी थोडे अधिक. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून गटांत भाकरीचे महत्त्व वाढले, ही समाधानाची गोष्ट आहे. भावप्रकाशात यावनाल शीत, रूक्ष व लघु सांगितले आहे. परंतु भाकरी झाली तरी ती पिष्टमय अन्नच. चार भाकरी खाऊन साखर वाढली, तर तो दोष धान्याचा नसून राशीचा आहे. शेंगदाण्याची चटणी चिमूटभर घेण्याची की वाटीभर, हेही रुग्णास विचारून घ्यावे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे एकादशीचा उपवास कोणी सोडणार नाही. मात्र ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या न्यायाने साबुदाण्याची खिचडी व बटाटा पोटात गेल्यास उपवासाचा दिवस साखरेसाठी सर्वांत वाईट ठरतो. रमजानचे रोजे धरणाऱ्या रुग्णाचे औषधाचे वेळापत्रक तो महिना सुरू होण्यापूर्वीच त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घेतलेले असावे.

सर्वांत महत्त्वाचा भेद रोग्याच्या बलाचा. स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही, असे दोन भिन्न रुग्ण चरकाचार्यांनी मानले व त्यांची चिकित्सा भिन्न सांगितली. वजन उतरविण्यासाठी रचलेला आहारक्रम पहिल्यास हितकर ठरू शकेल. दुसऱ्यास तो अपायकारक होईल. गटात दोघांनाही तोच संदेश जातो.

जेथे जिवावर बेतते

आपणांपैकी अनेकांकडे येणारे रुग्ण आधुनिक औषधेही घेत असतात. येथे अनवधानास जागा नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने औषध तेच ठेवून जेवण एकदम कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे रुग्णास व घरच्यांस शिकवावीत. दोन जेवणांच्या मधे काही खावयाचे नाही, या नियमाच्या धाकाने रुग्ण अशा वेळी साखर तोंडात घालण्यास कचरतो. त्या क्षणी साखर हेच औषध आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात न्यावे.

एसजीएलटी-२ वर्गातील गोळ्या घेणाऱ्याने पिष्टमय अन्न अगदी कमी केल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता निर्माण होण्याचा धोका असतो. बालपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण, गर्भिणी, वृक्कविकाराचे रुग्ण व क्षयाची औषधे घेणारे यांस गटाचा आहारक्रम परस्पर सुरू करू देऊ नये. आधुनिक औषध कमी करणे वा थांबविणे हा निर्णय ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. तसेच पांडुरोग असलेल्या स्त्रीचे एचबीए१सी फसवे असू शकते. लोहाच्या कमतरतेत ते वास्तविकापेक्षा अधिक दिसते. केवळ त्या आकड्यावरून गटात होणारी तुलना तिला नाहक खचवते.

औषधी दुकानदारांसाठी

गटातील संदेश दाखवून ‘हेच चूर्ण द्या’ म्हणणारा ग्राहक आपल्यास नवा नाही. त्यास तो सध्या कोणत्या गोळ्या घेतो, एवढे तरी विचारावे. बिनलेबलाचे, उत्पादन परवाना क्रमांक नसलेले ‘साखरेचे चूर्ण’ ठेवू नये. अशा चूर्णांत आधुनिक मधुमेहनाशक द्रव्ये मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत, आणि त्यांची अपकीर्ती शेवटी सर्व आयुर्वेदास भोगावी लागते. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात मधुमेहाचा समावेश आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ हा दावा दुकानाच्या नावाने गटात फिरविणे त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे ध्यानी ठेवावे.

आपण काय करावे

१. प्रत्येक प्रमेही रुग्णास तो कोणत्या गटात आहे व कोणता आहार पाळतो, हे न रागावता विचारावे. रागावल्यास तो पुढील वेळी सांगणार नाही, आणि ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण आपणच नष्ट केलेला असेल.

२. स्थूल की कृश, अग्नी कसा, औषधे कोणती, वृक्क व नेत्र यांची स्थिती काय, हे पाहून गटाचा आहार त्यास चालेल किंवा नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे.

३. बदल एका रात्रीत न करता पादांशिक क्रमाने करावा. अपथ्याचा चतुर्थांश सोडून तेवढे पथ्य घ्यावे आणि दिवसांचे अंतर वाढवीत पुढे जावे. सात्म्य असे हळूहळूच बदलते आणि बदललेले टिकते.

४. आपल्या रुग्णांचा पंधरा-वीस जणांचा लहान गट शक्य असल्यास स्वतः चालवावा. त्यात औषधांची विक्री वा अहवालांचे प्रदर्शन नसावे. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट व्हावी; कुटुंबातील स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या भेटीस अवश्य बोलवावी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही व साडेतेरा कोटींहून अधिक पूर्वमधुमेही आहेत. एवढ्यांच्या ताटावर लक्ष ठेवणे कोणत्याही वैद्यवर्गास शक्य नाही. ते काम घरालाच, शेजाराला आणि आता गटालाही करावे लागेल. गटातील शंभर माणसे रुग्णास पथ्य पाळावयास लावू शकतात. ते पथ्य त्याचे आहे की नाही, हे सांगण्यास मात्र त्याची नाडी, जिव्हा व बल पाहिलेला एक वैद्यच लागतो. वैद्यबंधू-भगिनींनी हे काम टाळले, तर ते कोणी अनधिकारी करील, आणि त्याचे मोल रुग्णास द्यावे लागेल.