समुद्रातल्या रस्त्यावर शंभूराजांचं नाव

मरीन ड्राइव्हला प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापाशी गाडी बोगद्यात शिरते, मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटर धावते आणि प्रियदर्शिनी पार्कजवळ बाहेर पडते. तिथून डाव्या हाताला समुद्र सुरू होतो, तो थेट वरळीपर्यंत. वाटेत ब्रीच कँडी, महालक्ष्मी, हाजी अली मागे पडतात आणि शेवटी रस्ता सागरी सेतूला जाऊन भिडतो. लांबी 10.58 किलोमीटर. कागदोपत्री नाव ‘धर्मवीर, स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज मुंबई किनारी रस्ता (दक्षिण)’. टॅक्सीवाला मात्र मीटर पाडता पाडता एवढंच विचारतो, “कोस्टलने घेऊ?”

या रस्त्याच्या बांधणीची कथा वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना पाठ आहे. 2018 मध्ये काम सुरू झालं, 2019 च्या जुलैत उच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. 111 हेक्टर भराव पडला. ‘मावळा’ नावाच्या यंत्राने 12.19 मीटर व्यासाचे दोन बोगदे खणले. 11 मार्च 2024 रोजी दक्षिणेकडे येणाऱ्या बाजूचं उद्घाटन झालं आणि पुढचे तुकडे एकेक करत जोडले गेले. नाव त्याआधीच ठरलं होतं. 14 मे 2023 रोजी, संभाजी महाराजांच्या जयंतीला, मुख्यमंत्र्यांनी ते जाहीर केलं.

मला हे नाव मनापासून पटतं, आणि त्याचं कारण जंजिऱ्याच्या पाण्यात आहे. 1682 मध्ये सिद्दीच्या ताब्यातला जंजिरा घ्यायचा म्हणून संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यावरून किल्ल्याच्या दिशेने खाडीत भराव घालायला सुरुवात केली होती. भर समुद्रात वाट बांधायची आणि त्या वाटेवरून फौज न्यायची, असा तो बेत. तेवढ्यात मुघल फौजा कोकणात उतरल्या आणि मोहीम अर्ध्यावर टाकून महाराजांना मागे फिरावं लागलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्रात रस्ता घालू पाहणाऱ्या राजाचं नाव समुद्रातल्या रस्त्याला मिळावं, याहून समर्पक काय असेल? पण वरळीपासून ब्रीच कँडीपर्यंत किनाऱ्याने चालत आलो, तरी हा इतिहास सांगणारा एकही फलक मला दिसला नाही. नाव आहे, बिरुदं आहेत. ते नाव इथे का, हे सांगणारी ओळ नाही.

समुद्राला बांध घालण्याची या किनाऱ्याची स्वतःचीही एक गोष्ट आहे. ती ऐकायला महालक्ष्मीच्या देवळात जावं लागतं. पायऱ्यांच्या कडेला कमळं, नारळ आणि ओटीचं सामान मांडून बसलेल्या एका मावशींनी ती मला गिऱ्हाइकं सांभाळत सांगितली. मध्येच एखादी सासुरवाशीण यायची, मावशी खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या परडीत नीट लावून द्यायच्या, सुटे पैसे मोजायच्या, आणि जिथे सोडलं तिथून गोष्ट पुन्हा उचलायच्या.

अठराव्या शतकात मुंबई आणि वरळी या बेटांमधून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि मधला सगळा सखल भाग बुडायचा. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घालायचं काम निघालं. दिवसा रचलेले दगड समुद्र गिळायचा. कामावर रामजी शिवजी नावाचा पाठारे प्रभू होता. त्याच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, आम्ही तिघी बहिणी वरळीच्या खाडीत आहोत, आधी आम्हाला वर काढ. रामजीने खाडीत जाळी टाकायला लावली. महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती अशा तीन मूर्ती जाळ्यात आल्या, आणि मग बांध उभा राहिला. रामजीने सरकारकडून टेकडीवर जागा मागून देऊळ बांधलं. “म्हणून तिघींचं दर्शन एका ओळीत होतं,” मावशी म्हणाल्या आणि गाभाऱ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. देवळामागच्या खडकांवर लाटा कशा फुटायच्या, पावसाळ्यात पाणी किती वर यायचं, तेही त्यांनी सांगितलं. आता तिथून नजर टाकली की पाण्याआधी रस्ता दिसतो.

ही आख्यायिका खरी की खोटी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ज्या बांधाने मुंबईची बेटं जोडली जायला सुरुवात झाली, त्याचं श्रेय लोकांनी एका देशी माणसाला आणि तीन देवींना दिलं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं. तोच बांध, हॉर्नबी वेलार्ड, आज लाला लजपतराय मार्ग झाला आहे. रामजी शिवजीचं नाव या परिसरातल्या पाट्यांवर शोधलं, मला कुठे सापडलं नाही. ते अजून मावशींच्या तोंडी आहे, हेच नशीब.

मुंबईत रस्त्याला नाव द्यायचा अधिकार 1888 च्या महापालिका कायद्याने पालिकेला दिलेला आहे. एरवी नगरसेवक प्रस्ताव आणतो, समितीत चर्चा होते, वादही होतात. पण पालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि हा रस्ता सुरू झाला तेव्हा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे ज्या रस्त्यावर मुंबईकरांचे हजारो कोटी खर्च झाले, त्याचं नाव आणि त्याचे नियम यांवर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात चर्चाच झाली नाही. नावावर कदाचित सगळ्यांचं एकमत झालं असतं. नियमांवर मात्र बोलायला हवं होतं.

नियम वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने ठरले. सरळ रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर, बोगद्यात 60, वळणांवर आणि आत-बाहेर पडण्याच्या मार्गांवर 40. मध्ये थांबायचं नाही, उतरून फोटो काढायचे नाहीत. अवजड वाहनं, शिकाऊ चालकांच्या गाड्या, दुचाकी, तीनचाकी, सायकली, टांगे, हातगाड्या आणि पादचारी यांना बंदी. प्रवासी बसना मुभा. वेगमर्यादा हवीच. रात्री इथे होणारा गाड्यांचा उन्माद पाहिला की ती आणखी कडक पाळली जावी असं वाटतं. बोगद्यात सायकल नको, हेही कळतं. पण या यादीवरून नजर फिरवली की उरते ती मोटार, आणि मोटार नसलेल्या मुंबईकराला टॅक्सी किंवा बस. रस्त्यावर टोल नाही, म्हणजे खर्च सगळ्यांनी उचलला आहे. मग बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाचा त्यावर पहिला हक्क नको का?

लोक बोलले की बदल होतो, याचा पुरावा वरळी कोळीवाड्यात आहे. क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात, आणि नेमक्या त्याच वाटेवर या रस्त्याच्या पुलाचे खांब उभे राहायचे होते. दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. कोळ्यांनी काम अडवलं. अखेर डिसेंबर 2022 मध्ये मधला आठ क्रमांकाचा खांब रद्द झाला आणि अंतर 120 मीटर झालं. मागणी त्याहून जास्त होती. फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरून एकेक घर सांधत बसलेले एक काका मला म्हणाले, “कागदावर साठ मीटर पुष्कळ दिसतात. वारा पडला, प्रवाहाने होडी आडवी झाली, की मग कळतं.” त्यांचे हात बोलताना थांबले नाहीत. पलीकडच्या खडकांवरची कालवं आणि खेकडे गेले, हे मात्र त्यांनी काम थांबवून सांगितलं.

पादचाऱ्यांच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे रस्त्यालगतचं विहार क्षेत्र, जे 2025 च्या ऑगस्टमध्ये खुलं झालं. रुंद आहे, स्वच्छ आहे, संध्याकाळी वारा सुरेख असतो. सावली मात्र नाही. भुयारी मार्गाने तिथे पोचावं लागतं, आणि त्याच्या तोंडाशी दिशा दाखवणारे फलक इतके तुटपुंजे की महालक्ष्मीपाशी दोन वृद्ध जोडप्यांनी मलाच वाट विचारली.

पालिकेने फार खर्चिक काही करायला नको. विहार क्षेत्रात जंजिऱ्याच्या मोहिमेची हकिकत सांगणारा एक मराठी फलक लावावा, महालक्ष्मीच्या बाजूला रामजी शिवजीचा. सावलीची झाडं लावावीत. आणि या रस्त्यावर भरपूर बस सोडाव्यात, त्यांना स्वतंत्र मार्गिका द्यावी. रयतेच्या राजाचं नाव दिलेल्या रस्त्यावर रयतेला सहज जाता आलंच पाहिजे.